धोंड्याचं जेवण, पंधरा डझन हापूस आणि एक फसलेली पेटी

यंदा परत अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून २०२६, म्हणजे धोंड्याचा महिना नेमका आंब्याच्या सीझनमध्ये. दर वेळी असं होत नाही, २०२३ ला अधिक श्रावण होता तेव्हा आंबे कधीच संपले होते. याआधीचा अधिक ज्येष्ठ २०१८ चा, आणि त्याच वर्षी आमच्याकडे लेक-जावयाचं पहिलं धोंड्याचं जेवण झालं, ५२ माणसं, आमरसाचा बेत. तेव्हा आंब्यांचं काय काय झालं ते मी तारीखवार वहीत लिहून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला, तिच्याकडेही यंदा तोच बेत आहे, पहिलाच प्रश्न, "ताई, किती पेट्या मागवू?" मी म्हटलं किती ते नंतर बघू, आधी आंबा कधी तयार व्हायला हवा ते ठरव. तिला सांगता सांगता लक्षात आलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायला हवं, कारण आमचं जे चुकलं ते रोज आंबे खाणाऱ्या घरातही अगदी सहज होतं.

तर जेवण रविवार, २७ मे २०१८, दुपारी साडेबाराला. कोथरूडातलं आमचं दोन बेडरूमचं घर, पंगत खाली सोसायटीच्या हॉलमध्ये. पानात आमरस, पुऱ्या, पुरणाचे धोंडे, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, कुरडया, थोडा मसालेभात. जावईबापूंना वाण द्यायला तेहेतीस अनारसे, त्याचा सगळा भार जाऊबाईंनी घेतला होता. आंबे माझ्याकडे.

हिशोब मी असा केला. मोठी माणसं ४४, त्यांना माणशी पाव किलो रस, म्हणजे दोन वाट्या आणि आग्रहाची अर्धी. मुलं ८, त्यांना दीडशे ग्रॅम. एकूण बारा किलोच्या थोडा वर. मध्यम हापूस २४० ग्रॅमच्या आसपास असतो आणि हाताने पिळला की त्यातून निम्म्याहून थोडा जास्त रस निघतो, बाकी साल आणि कोय, म्हणजे एका आंब्याचा १३०-१४० ग्रॅम धरायचा. म्हणजे रसाला ९० आंबे, साडेसात डझन. संध्याकाळी थांबणाऱ्यांना आणि मुलांना फोडी करायला तीन डझन. खराब निघणारे म्हणून दीड डझन. झाले बारा. आणि लेकीच्या सासरी द्यायला तीन डझन. पाच डझनाच्या तीन पेट्या. हा हिशोब बरोबर होता, आजही मी तोच धरते.

आंबे कच्चेच मागवायचे हे सासूबाईंनी ठरवलं होतं आणि मलाही ते पटतं. बाजारात एकसारखा पिवळाधमक दिसणारा आंबा कशाने पिकवलाय ते आपल्याला बाहेरून कळत नाही. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, त्यातून निघणाऱ्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात म्हणून, तरी तो वापरला जातो. इथिलीन गॅसच्या चेंबरमध्ये पिकवायला मात्र परवानगी आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फळ स्वतः पिकताना जो वायू सोडतं तोच तो. पण आढीत, म्हणजे पेंढ्याच्या थरांत, हळूहळू पिकलेल्या हापूसचा वास घरभर जो फिरतो तो वेगळाच, आणि घरात कार्य आहे हे त्या वासानेच कळतं असं सासूबाईंचं म्हणणं.

रत्नागिरीकडच्या एका बागायतदाराकडून पेट्या मागवल्या, गुरुवारी १७ तारखेला संध्याकाळी ट्रान्सपोर्टच्या गाडीने आल्या. दोन दिवसांपूर्वी उतरवलेला माल, "आठ-दहा दिवसांत तयार होईल" असं त्यांनी सांगितलं होतं, मी बोटं मोजली, दहावा दिवस बरोबर जेवणाच्या आदल्या दोन दिवसांत पडत होता. पेटी उघडल्यावर बघायचं काय तर खांदे. तयार आंब्याचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात आणि देठाशी खळगा पडलेला असतो, कोवळ्याचे खांदे उतरते असतात. गडद हिरवा जाऊन फिकट हिरवा आला असला तर अजून चांगलं. देठाचा छोटा तुकडा फळाला राहिलेला हवा, तो मुळात तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि पुढे सडायला तिथूनच सुरुवात होते. आमच्या आंब्यांना देठ होते, झेल्याने, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीने, उतरवलेले दिसत होते. पेटीत वर दोन जास्तीचे घातले होते त्यातला एक मी कच्चाच कापला, कोयीजवळ गर पांढरा नव्हता, पिवळटपणा धरला होता. कोकणात याला चौदा आणे तयार म्हणतात, रुपयाच्या सोळा आण्यांतले चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण. म्हणजे माल चांगला होता. पुढे जे झालं ते आमच्या घरात झालं.

पेंढा पेट्यांबरोबर आलाच होता. सासूबाईंनी आढी लावून दिल्या, खाली पेंढा, त्यावर आंबे एकमेकांना घासणार नाहीत असे, परत पेंढा, परत आंबे, दोनच थर, वर गोणपाट. जागा मात्र एका खोलीत पुरेना, म्हणून दोन पेट्यांचा माल पश्चिमेच्या बेडरूममध्ये ठेवला आणि एका पेटीचा पूर्वेच्या खोलीत सासूबाईंच्या पलंगाखाली. त्या वेळी जागेपलीकडे कुणीच विचार केला नाही.

पश्चिमेची खोली दुपारी तीनपासून भट्टी होते. भिंतीला रात्री नऊला हात लावला तरी कोमट लागते. पलंगाखालच्या फरशीवर मात्र उन्हाळ्यातही गारवा असतो, वर सासूबाईंना कूलर लागतो तो रात्रभर चालू. आंबा वीस ते पंचवीस अंशांत सगळ्यात छान पिकतो, त्याच्या वर गेला की घाईने पिकतो, वरून मऊ आणि आत चव अर्धवट. मंगळवारी २२ ला सकाळी मी गोणपाट उचललं तर पश्चिमेच्या आढीतून वासाचा लोट आला, निम्म्याहून जास्त आंबे पिवळे, काहींच्या देठाशी बोट दाबलं तर किंचित आत जात होतं. आणि पलंगाखालचे? जसे आले तसे, हिरवे, दगडासारखे. पाच दिवसांत दोन खोल्यांच्या मालात चांगला तीन-चार दिवसांचा फरक पडला होता.

इथे मी चूक केली, आणि चूक करताना मला ती फार हुशारीची गोष्ट वाटत होती. माझ्या मनात आलं की पश्चिमेचे तर शुक्रवारपर्यंत पूर्ण होतील, रविवारी त्यातले किती टिकतील देव जाणे, निदान ही एक पेटी तरी हातात राहू दे, अजून कडक आहे तोवर थांबवून ठेवू. शेजारच्या काकू गावाला गेल्या होत्या, किल्ली आमच्याकडे, त्यांचा मोठा फ्रीज रिकामाच होता. मी त्यांना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या "अगं ठेव की, विचारतेस काय". पलंगाखालचे साठच्या साठ हिरवे आंबे मी त्या फ्रीजमध्ये रचले आणि पिकायला लागलेले एकशेवीस बाहेर ठेवले, कारण आमच्याकडे पूर्वीपासून म्हणतात पिकलेला आंबा फ्रीजमध्ये टाकला की वास मरतो. सासूबाई एवढंच म्हणाल्या की, "हिरवा आंबा गारठवू नये गं," पण का नये ते त्यांना सांगता आलं नाही आणि मी त्यांचं ऐकलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पश्चिमेचे आंबे पूर्ण तयार, सोनेरी, सालीला बारीक सुरकुती. सात आंबे देठाकडून काळे पडून गेले होते ते काढून टाकले. शेजारच्या फ्रीजमधले बाहेर आणले तर दिसायला अगदी ताजे, पण तसेच हिरवे, बर्फासारखे गार आणि कडक. आता हे दीड दिवसात पिकणार कसे हा विचार आल्यावर मात्र माझं धाबं दणाणलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेला माझा मावसभाऊ आहे, त्याला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "ताई, तू उलटं केलंस. हिरवा आंबा बारा-तेरा अंशांच्या खाली गेला की त्याला थंडी बाधते. घरातला फ्रीज चार-पाच अंशांवर असतो. तीन दिवस राहिलाय ना, आता तो पिकणार नाही, सुरकुतेल. पिकलेला आंबा मात्र आतमध्ये चार-पाच दिवस आरामात राहतो, तो घाल आधी." मी विचारलं वास? तर म्हणे, "खायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेव, वास येतो परत."

रात्री दहाला ह्यांनी आणि मी मिळून अदलाबदल केली. पिकलेले ११३ राहिले होते, त्यातले लेकीच्या सासरचे तीन डझन घट्ट बघून बाजूला काढले, उरले ७७, ते सगळे काकूंच्या फ्रीजमध्ये, कोरडे पुसून, एकावर एक दोनच थर, मध्ये वर्तमानपत्र. रविवारी सकाळपर्यंत त्यातला एकही खराब झाला नाही. मंगळवारी हेच केलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

आणि ते साठ हिरवे? शनिवारी सकाळी त्यांच्या सालीवर राखाडी-तपकिरी डाग उमटायला लागले, जणू कुणी ओल्या बोटांनी राख लावलीये, संध्याकाळपर्यंत बारीक बारीक खड्डे. पुढच्या बुधवारपर्यंत वाट बघितली, रंग मळका पिवळा आला, दाबलं तर रबरासारखे, कापल्यावर वास नाही, चव नुसती आंबट. थंडीने आतल्या पेशींना इजा होते आणि पिकण्याची सगळी साखळीच मध्ये तुटते, आणि ती इजा फ्रीजमध्ये असताना दिसत नाही, बाहेर काढल्यावर दिसते, म्हणून माणूस फसतो. चाळीसेक आंब्यांचा गूळ आणि मेथ्या घालून मेथांबा केला, तो चांगला झाला, बाकीचे टाकावे लागले. साठ हापूस. मला ती गोष्ट अजून लागते, कारण कुणीतरी वर्षभर झाड राखलेलं असतं, मोहर वाचवलेला असतो, माणूस फांदीवर चढून एकेक फळ झेल्यात उतरवतो.

शुक्रवारी रात्री अजून एक गोष्ट कळायची होती. बदलाबदल झाल्यावर मुलं म्हणाली एकतरी कापून बघू या, म्हणून सहा कापले. पहिला अप्रतिम, केशरी, कडेपासून कोयीपर्यंत एकसारखा. दुसराही. तिसरा बाहेरून तितकाच देखणा, पण सुरी कोयीजवळ गेली आणि कापसात शिरल्यासारखी झाली, आत पांढुरका, भुसभुशीत गर, मध्ये बारीक पोकळ्या, जिभेवर ठेवला तर आंबट आणि बेचव. साका. सहातले दोन तसे निघाले. साका बाहेरून ओळखता येत नाही, वासावरून नाही, वजनावरून नाही, भल्याभल्यांना येत नाही, कापल्यावरच कळतो. हा रोग नाही, कीडही नाही. कोकणातल्या कातळाची आणि तांबड्या मातीची उन्हाळ्यात वर येणारी उष्णता, आणि फळ झाडावर असतानाच आतल्या कोयीची रुजायची तयारी सुरू होणं, यातून होणारा तो बिघाड आहे. म्हणून सीझनच्या शेवटच्या मालात आणि झाडावर जास्त राहिलेल्या फळात तो जास्त सापडतो, आणि म्हणूनच जाणते बागायतदार चौदा आण्यांवर आंबा उतरवतात. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना नावाची जात काढली ती याच दुखण्यावर, रत्नात साका होत नाही. यात बागायतदाराला दोष द्यायला मी तयार नाही, मे अखेरचा हापूस घेतला की थोडा साका धरूनच चालायचं. पण तो धरून चालायचं म्हणजे काय, तर रसाचे हापूस कधीही न कापता थेट पिळायचे नाहीत. रसात दोन साक्याचे आंबे गेले की पातेलंभर रसाची चव उतरते, मग साखर घालत बसावं लागतं.

शनिवारी सकाळी सहाला आम्ही दोघं मार्केटयार्डात. ठरवलं होतं की तयार हापूस शोधायचा नाही, पायरी घ्यायची. बऱ्याच घरांत पायरीला आता दुय्यम समजतात, मला ते अजिबात पटत नाही. आमच्या आजोळी रस म्हणजे पायरीचाच, हापूस कापून खायचा. पायरी पातळ, रसाळ, आंबटगोड, देठाकडे लालसर झाक, हापूसपेक्षा रेषा थोड्या जास्त, आणि पिकल्यावर फार टिकत नाही म्हणून जेवणाच्या आदल्या दिवशीच घ्यावी लागते. पाच डझन घेतली. घेताना प्रत्येक खोक्यातला खालच्या थरातला आंबा काढून देठाशी नाक लावून बघितला, वरचा थर कुणीही चांगलाच लावतो. तिथे एक गाळेवाले हापूसही दाखवत होते, "रत्नागिरीच आहे ताई" म्हणाले, पण साल जाड वाटत होती आणि कापून दाखवल्यावर आत केशरीऐवजी पिवळा, त्यामुळे नको म्हटलं. त्या वेळी हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं नव्हतं, ते ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला.

रविवारी सकाळी सहाला आंबे बाहेर काढून पाण्यात टाकले, मोठ्या घंगाळात, अर्धा तास. सालीवरचा चीक धुऊन जातो, कुणाला तोंडाला खाज येते ती बहुतेक त्या चिकाचीच. मग पुसून ठेवले. सात वाजता जाऊबाई, मी आणि लेक अशा तिघी जणी खाली चटई टाकून बसलो. हापूस आधी कापायचा, बघायचा, मग गर काढायचा. ७७ मधले शुक्रवारचे धरून १४ साक्याचे निघाले, चार मुलांनी खाल्ले होते, राहिले ५९. त्यातले १४ फोडींना ठेवले, रसाला ४५. वजन केलं होतं, पंचेचाळीस हापूस १० किलो ८०० ग्रॅम, गर निघाला ६ किलो १००. पायऱ्या हाताने मऊ करून, देठ काढून, पहिल्या चिकाचे दोन थेंब बाहेर पिळून टाकून मग पिळल्या, साठ पायऱ्या १२ किलो ३००, रस ५ किलो ९००. बरोबर बारा किलो.

मिक्सर लावायचा की नाही यावर आमच्यात दोन मतं होती. मिक्सरने रस फुगतो, फिका दिसतो, आणि हवा मिसळल्याने लवकर काळवंडतो. आम्ही हापूसचा गर पुरणयंत्रातून काढला आणि पायरीचा रस चाळणीतून, मग रवीने अगदी हलक्या हाताने एकत्र केला. निम्मा हापूस निम्मी पायरी हा रस नुसत्या हापूसपेक्षा चांगला होतो असं माझं आता पक्कं मत झालंय, हापूस दाटपणा आणि वास देतो, पायरी त्याला धार देते, नुसता हापूसचा रस दोन वाट्यांनंतर जड होतो. बारा किलोला दोन लहान चमचे मीठ. साखर अजिबात नाही. वेलची नाही. दूध तर रसात घालायचंच नाही हे मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, आंबटसर रसात दूध पडलं की फाटायची भीती आणि चार तासात आंबायची खात्री, ज्याला हवं त्याने आपल्या वाटीत घ्यावं, गार दुधाचं भांडं वेगळं ठेवलं होतं.

सकाळी पावणेनऊला रस तयार आणि पंगत साडेबाराला, हे मधले पावणेचार तास मे महिन्यातल्या पुण्यात फार असतात. रस स्टीलच्या चार डब्यांत काठोकाठ भरला, झाकणाखाली हवा कमी राहिली की वरचा थर काळा पडत नाही. तांब्या-पितळेचं किंवा लोखंडी भांडं आमरसाला चालत नाही. दोन मोठ्या टोपांत बर्फ, त्यात डबे गळ्यापर्यंत, वर ओला पंचा. बर्फाचं पाणी डब्यात जाणार नाही याकडे एक मुलगा लक्ष ठेवून होता. एका वेळी एकच डबा उघडायचा, तो वाढायच्या पंधरा मिनिटं आधी बर्फातून काढायचा, कारण दातांना कळ आणणाऱ्या रसाला वासच येत नाही.

वाट्यांचं आयत्या वेळी सुचलं ते बरं झालं. त्याच मार्चमध्ये प्लास्टिक-थर्माकोलबंदी जाहीर झाली होती, जूनपर्यंतची मुदत होती, म्हणून कुणीतरी पानांचे द्रोण आणले होते. पण पानाच्या द्रोणात रस झिरपतो, मी एक द्रोण भरून दहा मिनिटं ठेवून बघितला, खाली पिवळं डबकं. मग सोसायटीच्या कपाटातल्या स्टीलच्या शंभर वाट्या काढून घासल्या. रस पानात वाढल्यावर वर साजूक तूप, हवी त्याला मिरपूड नाहीतर सुंठ. लेकीच्या सासऱ्यांनी तूप-मिरपूड पहिल्यांदाच घेतली, ते तिकडे लातूरकडचे, केशर आंब्याचे कट्टर, पण तिसरी वाटी त्यांनी मागून घेतली आणि जावईबापूंना म्हणाले, "तुझ्या आईला सांग आता असंच करत जा." सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद मला दिसत होता.

साली आणि कोयी टाकल्या नाहीत. त्या थोड्या पाण्यात चोळून घेतल्या आणि त्याच पाण्याचं संध्याकाळी सार केलं, मिरची, जिऱ्याची फोडणी, गूळ किंचित, थांबलेल्या वीस जणांना भाताबरोबर तेच. फोडींचे चौदा आंबे आयत्या वेळी कापले, आधी कापून ठेवले की कडा सुकतात.

उरलेला रस मोजला, १ किलो ३००. म्हणजे ५२ माणसांनी १० किलो ७०० खाल्ला, माणशी साधारण दोनशे ग्रॅम, माझ्या हिशोबापेक्षा थोडा कमी, पण पुरणाचे धोंडेही होते ना. उरलेला छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकला आणि ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेला काढला, तोपर्यंत रंग आणि चव दोन्ही शाबूत होती. लेकीच्या सासरच्या तीन डझनात पाच साक्याचे निघाले, मी देतानाच सांगून ठेवलं होतं की कापून बघा, त्यामुळे अवघड वाटलं नाही.

२०२२ मध्ये भाच्याची मुंज मे मध्येच होती, तेव्हा वही समोर ठेवून काम केलं. दोन बदल. एक म्हणजे सगळा माल एकदम मागवला नाही, दोन लॉट, मध्ये चार दिवसांचं अंतर, म्हणजे एक पुढे पळाला किंवा मागे राहिला तरी दुसरा हाताशी. दुसरं म्हणजे खोल्या मुद्दाम वापरल्या. मागे पडलेला माल पश्चिमेच्या उबेला, पुढे गेलेला पलंगाखाली, आणि दाबल्यावर देठाशी किंचित मऊ लागला की त्याच दिवशी फ्रीजमध्ये, त्याआधी नाही. आढी रोज सकाळ-संध्याकाळ उघडून हाताने बघायची, पिकलेला काढायचा, डागी लगेच बाहेर, एक सडका आंबा शेजारच्या चारांना घेऊन बसतो. पेटी आल्याबरोबर कच्चे आंबे बादलीत टाकूनही बघितले, तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो, नऊ तरंगले ते लोणच्याला गेले. पण बुडवल्यावर एकेक आंबा फडक्याने पुसून पंख्याखाली पूर्ण सुकवायचा, ओला आंबा पेंढ्यात गेला की बुरशी आलीच. त्या वेळी दहा डझनात वाया गेलेले सगळे धरून अकरा.

यंदा आमचं जेवण ३१ मे ला, रविवारी. जावईबापूंबरोबर आता सहा वर्षांची नातही आहे. आठ डझन हापूस सांगून ठेवलाय, चार डझन १९ मे ला आणि चार डझन २३ ला, आणि पायरी सहा डझन ३० च्या सकाळी मार्केटयार्डातून. बहिणीला मी हेच कळवलंय, फक्त तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची, सगळ्याच खोल्या तापतात, तर तिने पेट्या एक आठवडा आधी मागवाव्यात, दहा दिवस नको. सासूबाई आता ८६ वर्षांच्या आहेत, खाली बसता येत नाही, खुर्चीत बसून सांगणार आहेत आणि पलंगाखालची आढी नातीकडून लावून घेणार आहेत.